घडीचं घर मिटताना

आपल्याकडे मे महिना सरत आला की घराघरांतून एक लगबग सुरू होते. कौलं चाळून घ्यायची, पापड-कुरडयांचे डबे भरायचे, गाद्यांना ऊन दाखवायचं, वर्षाचं तिखट कुटून ठेवायचं. कोकणात तर आगोटीची बेगमी झाल्याशिवाय बाईला स्वस्थ झोप लागत नाही. मैत्रिणींनो, अगदी तशीच लगबग आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ऑक्टोबरमध्ये असते. तिकडे तयारी पावसाची, इकडे बर्फाची, एवढाच काय तो फरक. मात्र या तयारीत एक काम असं आहे, की त्याच्याशी माझी माहेरी किंवा सासरी कधी गाठ पडली नव्हती. ते म्हणजे घडीचं घर मिटून ठेवणं!

आधी गाव कुठलं ते सांगते. मिशिगनच्या माणसाला 'तुमचं गाव कुठं?' असं विचारा. तो नकाशा शोधत बसत नाही. उजव्या हाताचा पंजा स्वतःसमोर धरतो आणि त्यावर बोट ठेवून म्हणतो, 'हे इथं.' राज्याचा खालचा भाग खरोखरच हातमोज्याच्या आकाराचा आहे. अंगठ्याकडच्या भागाला तर सगळे 'थंब' असंच म्हणतात. आम्ही राहतो तळहातावर, लान्सिंग या राजधानीच्या शहराजवळ. उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांपैकी चार या राज्याला येऊन भिडली आहेत. राज्याचा वरचा तुकडा तर पाण्यापलीकडे, वेगळाच. १९५७ साली मॅकिनॉचा पूल खुला झाला. तो जवळजवळ आठ किलोमीटर लांब आहे. तोपर्यंत मोटारीसुद्धा बोटीत घालून पलीकडे न्याव्या लागत.

एवढं पाणी, एवढी रानं, आणि उन्हाळा मात्र जेमतेम तीन-चार महिन्यांचा! म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली माणसं घरात टिकत नाहीत. शुक्रवार आला की निघाले तळ्याकाठी मुक्कामाला. कुणी साधा तंबू नेतं, कुणी बसएवढी मोठी फिरती घरं. या दोहोंच्या मधलं, बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला परवडणारं असतं ते पॉप-अप कॅम्पर. मी त्याला घडीचं घर म्हणते.

बंद असताना ही दोन चाकांवरची एक बसकी पेटी दिसते. ती मोटारीमागे जोडून न्यायची. मुक्कामावर पोचलं की बाजूचं हँडल गरागरा फिरवायचं, की छप्पर वर उचललं जातं. मग पुढची नि मागची बिछान्याची फळी ड्रॉवरसारखी बाहेर ओढायची आणि भोवतीच्या कापडी भिंती ताणून बसवायच्या. अर्ध्या तासात घर तयार! आत छोटी शेगडी, बेसिन, लहानसा फ्रीज, बसायला बाक. चाळीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला त्याचं काय नवल? तिथंही रात्री गाद्या पसरल्या की बैठकीची खोली झोपायची होतेच की!

आमच्या राज्याला दक्षिणेकडून लागून इंडियाना राज्य आहे. तिथला एल्कहार्टचा परिसर म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक फिरत्या घरांचं माहेर. त्याच भागातल्या मिडलबरी गावी १९६८ साली लॉईड बॉन्ट्रेगर यांनी आपल्या शेतावर, चक्क कोंबड्यांच्या शेडमध्ये, 'जेको' हा कारखाना सुरू केला. घडीच्या घराचं छप्पर उचलण्याची त्यांची स्वतःची युक्ती होती. त्यावर तो कारखाना उभा राहिला.

वर्षाची शेवटची सहल आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला, हातमोज्याच्या करंगळीकडे काढतो. तिथं मिशिगन सरोवराच्या काठी 'स्लीपिंग बेअर' म्हणजे निजलेल्या अस्वलीच्या नावाच्या वाळूच्या टेकड्या आहेत. काही ठिकाणी तर पाण्यापासून चारशे-साडेचारशे फूट उंच! १९७० साली हा किनारा राष्ट्रीय ठेवा म्हणून राखून ठेवण्यात आला. इथले मूळ रहिवासी अनिशिनाबे लोक. त्यांची या जागेबद्दल एक गोष्ट आहे. पलीकडच्या काठावर वणवा पेटला, तेव्हा एक अस्वली आपल्या दोन पिल्लांना घेऊन सरोवरात उतरली. ती पोहत अलीकडे पोचली, पण दमलेली पिल्लं काठाजवळ येऊन बुडाली. आई वाट पाहत बसून राहिली. तिच्यावर वाळू साठली, ती टेकडी झाली. आणि पिल्लांची दोन बेटं झाली. ती बेटं टेकडीवरून दिसतात. माझी धाकटी दरवर्षी विचारते, 'मग ती अजून वाट बघतेय?' दरवर्षी मी 'हो' म्हणते. सभोवती मेपलची झाडं लालभडक झालेली असतात, वाऱ्यात बोचरेपणा आलेला असतो. ऑक्टोबरच्या मध्याला मुक्कामाच्या बऱ्याच जागांवरचे नळ बंद करतात. तिथून परतलं की घडीचं घर मिटायची वेळ झाली म्हणून समजावं.

आता हे 'मिटणं' एवढं मोठं प्रकरण का, ते सांगते. त्यासाठी शेजारच्या आजींची ओळख करून द्यायला हवी. इथं सत्तरी ओलांडलेल्या बाईलाही नावानंच हाक मारायची रीत आहे. समोर मीही तेच करते. पण लिहायला बसलं की हात आपला 'आजी'च लिहितो. आमचा कॅम्पर मूळचा त्यांचा. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी त्यातून तीस उन्हाळे काढले. दर ऑक्टोबरला यजमान तो मिटायचे आणि आजी त्यांना बाहेर कॉफी नेऊन द्यायच्या. कामाची वाटणी झालेली होती. आपल्याकडे नाही का, बँकेचं त्यांनी पाहायचं आणि वाण्याचं आपण, तशीच.

एका सप्टेंबरअखेरीस यजमान अचानक गेले. मुलं दूरच्या राज्यांत. आली, चार दिवस राहिली, परत गेली. अशा वेळी अंगणातल्या त्या पेटीकडे कोण पाहणार? हिवाळा आला, बर्फ पडलं, वितळलं. एप्रिलमध्ये आजींनी हँडल फिरवून छप्पर उचललं. पाण्याच्या नळ्या तीन ठिकाणी फुटलेल्या, पंप चिरलेला, गादीत उंदरांनी घर केलेलं, आणि भिंतींच्या कापडावर काळ्या बुरशीचे डाग. आजी मला म्हणाल्या, "तो गेला तेव्हा लोकांसमोर धीर धरला. पण त्या दिवशी अंगणात बसून रडले. नळ्या फुटल्या म्हणून नव्हे. तीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर तो हे करत होता आणि मला त्यातलं एक काम येत नव्हतं, म्हणून."

पण बाई खंबीर. दुकानात जाऊन नळ्या मोजून आणल्या, पंप बदलून घेतला, कापड शिवून घेतलं. एकेक गोष्ट विचारत, करून पाहत, त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची एक वही लिहून काढली. पुढं गुडघे धरले तेव्हा कॅम्पर आम्हांला दिला, तो एका अटीवर. "हे काम मी दोघांना शिकवणार. एकट्याला नाही." आमचे हे हसले होते तेव्हा. मीही हसलेच म्हणा!

या वर्षी सहलीहून परतलो आणि चौथ्या दिवशी सांगलीहून फोन आला. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. हे दुसऱ्याच दिवशी विमानानं गेले. इकडे शनिवारी रात्री पारा शून्याखाली पाच अंशांवर उतरणार असं हवामानाच्या बातम्यांत सांगू लागले. म्हणजे मिटायचं ते शनिवारी संध्याकाळच्या आत, आणि मिटणार कोण, तर मी! आजी काठी टेकत आल्या, अंगणात खुर्ची टाकून बसल्या, वही माझ्या हातात दिली नि म्हणाल्या, "मी बघेन, पण हात लावणार नाही." मग त्या वहीच्या क्रमानंच तुम्हांला सांगते.

पहिलं पाणी. पाणी गोठलं की आकारानं सुमारे नऊ टक्के फुगतं. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये फुटते ना, त्याचं कारण हेच. नळीत अडकलेलं ओंजळभर पाणीही पुरे होतं. म्हणून आधी टाकीचं बूच काढून ती रिकामी करायची, सगळे नळ उघडे टाकायचे. छोटा गिझर असेल तर तो बंद करून पूर्ण गार झाल्यावरच त्याचं बूच काढायचं, नाहीतर उकळतं पाणी अंगावर यायचं. एवढं करूनही वाकणांत थोडं पाणी राहतंच. त्यासाठी इथं न गोठणारं गुलाबी पाणी मिळतं. पंपाची नळी त्या कॅनमध्ये बुडवायची, पंप चालू करायचा आणि प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत थांबायचं. गिझरला वळसा घालणारी कळ आधी फिरवून ठेवायची, म्हणजे ते सगळं गिझरातच भरत बसत नाही. शेवटी बेसिनखालच्या वाकड्या नळीत एक कपभर ओतायचं. हे गुलाबी पाणी प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं. मोटारीच्या रेडिएटरसाठी मिळतं ते सहसा इथिलीन ग्लायकॉलचं, आणि ते विषारी. चव गोडसर असल्यानं मुलं आणि कुत्री-मांजरं ते चाटायला जातात. पिण्याच्या पाण्याच्या नळीत ते कधीही घालायचं नाही. वहीत इथं लाल शाईनं लिहिलंय, 'बाहेरचा नळ!' आंघोळीचा एक नळ गाडीच्या बाहेरच्या अंगाला असतो आणि नेमका तोच राहून जातो.

दुसरं गॅस. इथल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन असतो. आपल्या स्वयंपाकघरातला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. दोन्ही हवेपेक्षा जड. गळाले तर वर उडून न जाता जमिनीलगत साठतात. म्हणून सिलिंडरची कळ घट्ट बंद करून, नळी सोडवून, सिलिंडर उभा आणि उघड्यावर ठेवायचा. घराच्या तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये मुळीच नाही.

तिसरं बॅटरी. पूर्ण भरलेली बॅटरी इथल्या थंडीत गोठत नाही. उतरलेली मात्र गोठून तडकू शकते. आधी काळी तार सोडवायची, मग लाल. भरून कोरड्या जागी ठेवायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरायची.

चौथं उंदीर. पेन्सिल जाईल एवढं भोक त्यांना दारासारखं वाटतं! मी गाडीखाली पाठीवर निजून टॉर्चनं एकेक भोक शोधलं आणि त्यात तारेची घासणी कोंबली. ती उंदरांना सहजी कुरतडता येत नाही. आतला खाऊ सगळा बाहेर. बिस्किटाचा चुरासुद्धा झाडून घेतला. उशा-पांघरुणं घरात आणली. फ्रीज सोड्याच्या पाण्यानं पुसून त्याचं दार टॉवेलची गुंडाळी लावून किलकिलं ठेवलं, नाहीतर आत कुबट वास धरतो. मी म्हटलं, 'डांबरगोळ्या टाकू का?' आजींनी नाकच मुरडलं. तो वास कापडात शिरला की पुढचा उन्हाळाभर निघत नाही. आणखी एक. इथल्या रानउंदरांच्या लेंड्यांमधून हंता विषाणूचा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून वसंतात लेंड्या दिसल्याच तर कोरड्या झाडूनं झाडायच्या नाहीत. दारं-खिडक्या उघडून, हातमोजे घालून, जंतुनाशकाचं पाणी शिंपडून मगच पुसून घ्यायच्या.

पाचवं, आणि आजींच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, कापड. सौम्य साबणाच्या पाण्यानं हलक्या हातानं पुसायचं. ब्लीच वापरायचं नाही, त्यानं कापडावरचा पाणी न शिरू देणारा लेप जातो. मग वाळवायचं ते अगदी खडखडीत! पापड वरून वाळला नि पोटात ओलसर राहिला, तर डब्यात त्याचं काय होतं ते तुम्हांला मी कशाला सांगू? शुक्रवारी पाऊस झाला होता, कापड दमट होतं. शनिवारी नशिबानं ऊन पडलं, वाराही सुटला. तरी मी दर तासानं शिवणींना बोट लावून पाहत होते. भिंत वाळते, शिवण मागं राहते. चार वाजता आजींनी लांबूनच विचारलं, "गालाला लावून बघितलंस?" लावलं. गार लागलं. म्हणजे अजून ओल होती. पाच वाजता पुन्हा लावलं, तेव्हा कोमट आणि कोरडं.

मग मिटायला घेतलं. बिछान्यांच्या फळ्या आत ढकलल्या. मोठी लेक हँडल उलटं फिरवत छप्पर खाली आणत होती, धाकटी आणि मी चहूबाजूंनी कापड आत खोचत होतो. घाई केली तर ते छपराच्या कडेत चिमटतं आणि फाटतं. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. टायरांना ऊन लागू नये म्हणून आवरणं चढवली. पुढची बाजू किंचित उंच ठेवली, म्हणजे वितळलेल्या बर्फाचं पाणी छपरावर साचत नाही. वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधायचा नाही. आतला दमटपणा आतच कोंडतो आणि बुरशी धरते. हवा खेळेल असं जाड आच्छादन घातलं. भारी बर्फ पडलं की लांब दांड्याच्या मऊ ब्रशनं ते वेळच्या वेळी उतरवायचं, एवढंच काम आता हिवाळ्यात उरलं.

अंधार पडता पडता काम संपलं. आजी उठल्या, बाहेरच्या त्या नळाखाली बोट धरलं, बोट गुलाबी झालेलं पाहिलं आणि काही न बोलता घरी गेल्या. रात्री सांगलीहून ह्यांचा फोन आला. तिकडे रविवारची सकाळ उजाडली होती. "गाडीचं काय केलंस? उद्या कुणाला तरी बोलावून घे," म्हणाले. म्हटलं, "अहो, मिटली." पलीकडे क्षणभर शांतता! मग हळूच म्हणाले, "बरं, एक विचारायचं होतं. आईला मऊ भात हवाय. तांदळाच्या किती पट पाणी घालू?"

मला हसू आलं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नळी फुटायला ओंजळभर पाणी पुरतं, तसं घर अडायला एकाच माणसाला येणारं एकच काम पुरतं. घरात कामाची वाटणी असावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जे काम माझ्या वाटणीचं नाही ते मला येऊच नये, आणि जे त्यांच्या वाटणीचं नाही ते त्यांना येऊच नये, हे कुणी ठरवलं? आजींवर वेळ आली तेव्हा त्यांना एकटीनं शिकावं लागलं. शिकवणारा माणूस शेजारी कॉफी पीत उभा असताना शिकणं किती सोपं होतं!

आता तुम्ही म्हणाल, हल्ली काय, मोबाइलवर सगळं दिसतं. दिसतं ना! पण ते दुसऱ्याच्या गाडीचं असतं. आपल्या गाडीची डावीकडची कळ उलटी फिरते, हे वहीतच लिहिलेलं असतं. तुमच्या घरचंही तसंच. विजेचं मुख्य बटण कुठलं, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठं, सिलिंडर बदलताना वॉशर कसा पाहायचा, विम्याचा हप्ता कुठल्या महिन्यात, लॉकरची किल्ली कुठल्या डब्यात, हे जगाला विचारून कळणार नाही. ते घरच्या माणसालाच विचारायला हवं, आणि तेही ते माणूस निवांत चहा पीत बसलेलं असताना. मीही एक वही घेतली आहे. एका बाजूनं यांची कामं, उलट बाजूनं माझी. मऊ भात माझ्या बाजूच्या पहिल्याच पानावर आहे.

आजींच्या निळ्या वहीत यादी संपली की खाली एक ओळ आहे : 'एप्रिलमध्ये उघडताना हीच यादी खालून वर वाचावी.' बाहेर अजून आच्छादनावर दव गोठलेलं दिसतंय. एप्रिलला अवकाश आहे. तोवर सासूबाई काठी घेऊन चालू लागतील, हे परत आलेले असतील. आणि वही खालून वर वाचायची पाळी या वेळी ह्यांची!